चांदणी लागलेली वाक्यं

अमेरिकेत लेखन आणि भाषाविज्ञान या दोन्ही विषयांत मिळून बीए करायला आलेल्या मराठी मुलाला पहिला झटका देतं ते एक चिन्ह. वाक्याच्या आधी, जरा वर चढवलेली एक चांदणी (*). तिचा अर्थ एवढाच, की ‘ही भाषा बोलणारं कुणी असं म्हणत नाही’. वाक्य अशुद्ध आहे किंवा असं बोलू नये, असा तिचा अर्थ मुळीच नाही.

‘मी भूक लागली’ला चांदणी लागते. ‘त्यो आला व्हता’ला लागत नाही, कारण तसं बोलणारे लोक आहेत आणि त्यांच्या बोलीत ते वाक्य नियमानंच तयार होतं. आणि ‘पाणी’तली दुसरी वेलांटी पहिली झाली, तर चांदणीला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. तो लिपीचा मामला. आपल्याकडे मात्र लाल शाई नेमकी तिथेच सर्वांत जास्त खर्च होते. शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ सालचे, १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले. म्हणजे एका समितीनं कागदासाठी केलेला हा करार, मराठी त्याआधी कित्येक शतकं चालूच होती. (तरीही मराठीच्या बाईंची बाजू घेतो: छपाईला एकच पद्धत हवी, नाहीतर कोशात शब्द सापडणार नाही. फक्त त्याला ‘शुद्ध’ म्हणायचं कशाला?)

चांदणी द्यायची कशी, हेही शिकवतात. वाक्य स्वतःशी दहादा पुटपुटायचं नाही, दहाव्या वेळेला वाटेल ते वाक्य बरोबर वाटायला लागतं. ‘हे बरोबर आहे का?’ असं विचारायचं नाही, समोरचा लगेच शाळेत जाऊन बसतो. ‘तुमच्या घरात असं कुणी म्हणेल का?’ असं विचारायचं. तपासायच्या वाक्यांमध्ये तितकीच साधी, निरुपद्रवी वाक्यं मिसळायची आणि प्रत्येकाला १ ते ७ गुण द्यायला सांगायचे. शंका असेल तर चांदणीऐवजी प्रश्नचिन्ह. रचना ठीक पण अर्थ विचित्र, उदाहरणार्थ ‘टेबल रुसलं’, तर फोनच्या बटणांवर असते ती जाळी (#).

आपल्याकडे बीए मराठीच्या तिसऱ्या वर्षाला वर्णनात्मक भाषाविज्ञानाचा पेपर असतो, त्यात ‘स्वनिम (म्हणजे शब्दाचा अर्थ बदलू शकणारा ध्वनी) म्हणजे काय ते सांगून स्वरूप स्पष्ट करा’. उत्तर गाईडमध्ये असतं. इथे व्याख्या कुणी विचारत नाही. कधी नावही न ऐकलेल्या भाषेतले वीसेक शब्द हातात देतात आणि नियम काढा म्हणतात. रीत ठरलेली आहे. ज्या दोन ध्वनींचा संशय, त्यांचे दोन रकाने करायचे, प्रत्येकाच्या आधी आणि नंतर काय येतं ते लिहायचं. दोन्ही रकान्यांत आजूबाजूचे ध्वनी सारखेच दिसले तर स्वनिम दोन. एक ध्वनी जिथे येतो तिथे दुसरा कधीच येत नसेल, तर एकाच स्वनिमाची दोन रूपं. घोटाळा होतो तो रकाने न करता डोळ्यांनीच अंदाज बांधण्यात.

इथे मराठी मुलाची कॉलर ताठ असते, आणि थोडी असावीही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य ही वर्गवारी इथली मुलं पहिल्या सत्रात घाम गाळून पाठ करतात, आपली बाराखडीबरोबरच झालेली असते. पण ‘आम्ही बोलतो तसंच लिहितो’ ही फुशारकी पहिल्याच ध्वनिलेखनात उतरते. ‘घर’च्या शेवटचा अ लिहिलेला असतो, कुणी उच्चारत नाही. ‘चार’ हा आकडा आणि ‘गुरांना चार’ यांतला च वेगवेगळा, अक्षर मात्र एकच. ध्वनिलिपीत दोन्हींना एकच चिन्ह दिलं की गुण गेले.

शब्दांची चिरफाड करायला तीन ओळींची पद्धत आहे, लाइपझिग नियमांची. पहिल्या ओळीत वाक्य, दुसरीत प्रत्येक तुकड्याचं काम, तिसरीत मोकळा अनुवाद. वरच्या ओळीत जितक्या आडव्या रेघा तितक्याच खाली, आणि एकाखाली एक शब्द नीट यायला हवा. सर्वाधिक गुण जातात ते या रेघा न जुळल्यानं. मराठीतलं एकच वाक्य घ्या: ‘तू पोळी खाल्लीस’. खा, मग ल्ल म्हणजे क्रिया पूर्ण झाली, मग ई, मग स. ई आली पोळीमुळे, आंबा असता तर ‘खाल्लास’. स आला तू मुळे. एकाच क्रियापदाला कर्माचंही ऐकायचं आहे आणि कर्त्याचंही! त्यात ‘रामनं पोळी खाल्ली’ म्हणताना रामला ‘नं’ लागतो, ‘मी’ आणि ‘तू’ कोरेच. वर्गात हे फळ्यावर मांडलं की बाकीचे वाकून बघतात.

मराठीची पाठ्यपुस्तकांतली हजेरीही बरी आहे. लिस्कर आणि अब्रॅमसन या ध्वनिशास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये ११ भाषांतली प, त, क यांसारखी स्पर्श व्यंजनं मोजली, त्या भाषांत मराठी होती. सांगली जिल्ह्यातलं कुपवाड गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांच्या १९७१ च्या लेखामुळे भाषासंपर्काच्या धड्यात कायमचं जाऊन बसलंय: मराठी, कन्नड, उर्दू बोलणारी घरं, शब्द आपापले, वाक्यरचना जवळजवळ एकच. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकरांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून १९५८ मध्ये पीएचडी केली ती मराठीच्याच ध्वनिव्यवस्थेवर आणि रूपविचारावर. तेव्हा ‘मराठीवर काम करून काय मिळणार’ हा प्रश्न इथे नाही, घरून येतो.

मोजणी विद्यार्थीही करतात, प्रात नावाच्या फुकट सॉफ्टवेअरवर. ओठ सुटल्याचा फटका आणि स्वरतंतू कंप पावू लागणं यांतलं अंतर मिलिसेकंदांत. त्या १९६४ च्या मोजणीत अमेरिकन इंग्रजीच्या शब्दारंभीच्या प ला सरासरी ५८ निघाले. आपला प त्याहून बराच आखूड, म्हणून आपली ‘पिन’ त्यांना ‘बिन’ ऐकू येते. व्हॉट्सॲपच्या व्हॉइस मेसेजवर मोजू नका, त्यात आवाज दाबला जातो. वेव्ह फाइल, ४४,१०० हर्ट्झ, पंखा बंद. शब्द ओळीनं यादीसारखे वाचवून घेतले तर शेवटच्या शब्दाचा सूर पडतो, म्हणून ‘आता अमुक म्हण’ अशा चौकटीत बसवून. ‘परत अमुक म्हण’ नको, ‘परत’चा त पुढच्या व्यंजनात मिसळतो.

आणि पदवीचं दुसरं अंग, लेखन. तिथे चांदणीचा उदारपणा संपतो. कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःच्या भाषेचा हक्क आहे असा ठराव केला खरा, पण गुणपत्रकात प्रमाण इंग्रजीचा रकाना अजून भेटतो. ‘पाऊस आला, आम्ही परतलो’ हे आपल्याकडे स्वच्छ मराठी, इंग्रजीत तोच स्वल्पविराम चूक ठरून लाल गोलात सापडतो. सर्जनशील लेखनाची कार्यशाळा आयोवात १९३६ पासून चालत आलेल्या साच्याची: मजकूर आठवडाभर आधी वाटायचा, ओळींत दुप्पट अंतर, अक्षर १२ पॉइंट, प्रत्येक पानावर क्रमांक. बऱ्याच ठिकाणी चर्चा संपेपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही. आजीच्या ‘दृष्ट काढणं’चा वर्ग भलताच अर्थ लावत असतो आणि ज्याला माहीत आहे तो गप्प. हा नियम मला आजही पटत नाही. खुलासा मजकुरात हवा हे मान्य, पण ‘सेंट पॅट्रिक्स डे’ या आयरिश सणाचा खुलासा कुणी मागत नाही, हेही बघा.

व्यवहाराचं थोडक्यात. पदवीला साधारण १२० क्रेडिट, त्यांतला सुमारे तिसरा हिस्सा सर्वसाधारण विषयांचा, म्हणजे दहावीला गणिताला रामराम केलेल्यांची पुन्हा भेट. शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याचे १२ महिने सगळ्यांना, पुढचे २४ मिळतील की नाही ते आय-ट्वेंटीवरच्या (व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या कागदावरच्या) विषय-कोडवर ठरतं, पदवीच्या नावावर नाही. तो कोड प्रवेश घेण्याआधी विचारा.

शेवटच्या वर्षी घरच्याच बोलीवर प्रकल्प करायचा असेल, आणि तो पुढे छापायचा असेल, तर आजीचा आवाज टिपण्याआधी विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते. ती यायला आठवडे जातात, सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज टाका. संमतीचा मजकूर मराठीत, आजीला कळेल असा. सही जमत नसेल तर तोंडी संमतीची सवलत अर्जातच मागता येते, मात्र मग होकार रेकॉर्डिंगमध्ये स्पष्ट यायला हवा. ‘बरं बरं, आधी जेवलास का ते सांग’ हा होकार धरत नाहीत.