आकडा चांगला आहे

काल नाटकाच्या दुसऱ्या अंकात मला पुन्हा डुलकी लागली. इंदूरच्या 'सानंद' या संस्थेचा प्रयोग होता, आमची नेहमीची आठवी रांग होती, रंगमंचावर बापलेकांचे भांडण ऐन भरात आले होते आणि माझी हनुवटी हळूहळू छातीकडे उतरत गेली. नंदूताईंनी कोपराने हलकेच ढोसले म्हणून जागी झाले. "घोरत मात्र नव्हतीस हं," असे त्यांनी मागाहून आपणहून सांगितले. म्हणजे तेवढा वेळ त्या नाटक सोडून माझ्याकडे कान लावून बसल्या होत्या. बाहेर गाडीची वाट पाहत उभ्या असताना त्या म्हणाल्या, "पण अगं, आता तर मशीन लावतेस ना?"

या वाक्यात खोच नव्हती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण काल रात्रीपासून मी त्यात खोच शोधते आहे आणि ती सापडत नाही म्हणून अधिकच बेचैन होते आहे. टोमणा असता तर परतवता तरी आला असता. साध्या प्रश्नाला साधे उत्तर द्यावे लागते आणि तेच माझ्याजवळ नाही. रात्री झोपताना श्वास अडू नये म्हणून नाकावाटे हवा फुंकणारे मशीन लावते. अकरा आठवडे झाले, एकही रात्र चुकवलेली नाही, आणि तरीही दुपारी तीनच्या सुमारास अंग भिजलेल्या गोधडीसारखे जड होते.

चाचणी होण्यापूर्वीच्या तीन वर्षांत या थकव्याला ज्याने त्याने आपापले नाव देऊन ठेवले होते. एक डॉक्टर म्हणाले, वयाचे आहे, पाळी जाताना बायकांचे असे होतेच. शेजारच्या म्हणाल्या, सकाळी फिरायला जात जा. घरात कोणी काही बोलले नाही, पण दुपारी मी आडवी झाले की स्वयंपाकघरात भांडी जरा जोराने ठेवली जात. आणि मी स्वतः, कोणाला न सांगता, त्याला आळस म्हणत होते. मग छातीला पट्टा, बोटाला चिमटा आणि नाकाला नळी लावून घरच्याच पलंगावर एक रात्र काढली आणि कागद हाती आला: झोपेत तासाला ३४ वेळा श्वास थांबतो किंवा उथळ होतो, प्रत्येक वेळी निदान दहा सेकंद, रक्तातला ऑक्सिजन ७९ टक्क्यांपर्यंत उतरतो. तासाला ३० किंवा त्याहून अधिक म्हणजे तीव्र स्लीप अ‍ॅप्निया. डॉक्टर गंभीर चेहऱ्याने हे समजावत होते आणि मला आतल्या आत हसू फुटत होते. चौतीस! म्हणजे मी आळशी नव्हते; रात्रभर दोन मिनिटे होण्याच्या आत कोणीतरी माझा गळा आवळत होते आणि सकाळी उठून मी सर्वांचे डबे भरत होते. त्या कागदाची झेरॉक्स काढून मी कित्येक दिवस पर्समध्ये बाळगली. कोणी मागितली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता मशीन लावल्यावर तोच तासाचा आकडा २.३ येतो. पाचाच्या आत आला की नॉर्मल. म्हणजे आजार आटोक्यात आणि थकवा जिथल्या तिथे. त्या कागदाने माझ्या थकव्याला जे कुळगोत्र मिळवून दिले होते, ते मशीनने काढून घेतले. तो पुन्हा बेवारस झाला, आणि बेवारस मालावर पहिला हक्क सांगायला तो जुना शब्द दारात उभाच आहे. हिमोग्लोबिन पाहून झाले, थायरॉइड पाहून झाले, बी-१२ कमी निघाले तर त्याची इंजेक्शने घेऊन झाली. डॉक्टर म्हणतात, झोपेची थकबाकी वर्षानुवर्षांची आहे, काहींना महिने लागतात आणि काहींची पेंग मशीन नीट चालूनही थोडीफार उरते. हे सारे नंदूताईंना गाडीची वाट पाहताना कसे सांगायचे?

काल घरी येऊन मास्क चढवला आणि आरशासमोर उभी राहिले. नाकावर सिलिकॉनची वाटी, गालांवरून डोक्यामागे गेलेले पट्टे, पुढे लोंबणारी नळी. सोंड आहे, पण गणपती म्हणवून घेण्याइतके मांगल्य चेहऱ्यावर नाही. सकाळी गालांवर जे वळ असतात ते दहा वाजेपर्यंत जात नाहीत. आई दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायची आणि घोरायची, आणि आम्ही मुले तो कागद वरखाली होताना पाहून हसत असू. तिच्याविषयी आज लिहवत नाही.

या यंत्राचे मूळही कमी विनोदी नाही. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी १९८१ मध्ये हा उपाय जगापुढे मांडला, तेव्हाची यंत्रे व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटारी वापरून केलेली होती. आत ओढायची ती हवा बाहेर फुंकायची, की तिच्या दाबाने घशाच्या सैल पडणाऱ्या भिंतींना टेकू मिळतो. म्हणजे स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिल्या येणाऱ्या आमच्या इंदूर शहरात मी रात्रभर नाकाला उलटा झाडू लावून झोपते आणि सकाळी कचऱ्याच्या गाडीच्या गाण्याने उठते. यापरते नागरिकत्व ते कोणते?

पाण्याची कथा निराळीच. यंत्राच्या डबीत हवा ओलसर करण्यासाठी पाणी भरावे लागते आणि ते डिस्टिल्डच हवे, नळाच्या पाण्याने आत क्षार धरतात. सासूबाईंना हे कळले तेव्हा त्या बराच वेळ त्या डबीकडे पाहत राहिल्या. "नर्मदेचं पाणी चालत नाही म्हणे याला!" नर्मदाकाठच्या जलूदहून डोंगर चढवून जे पाणी आणले, जे १९७८ मध्ये शहरात आले तेव्हा लोकांनी नळाला हात जोडले होते, ते या प्लॅस्टिकच्या डबीला चालत नाही, हा अपमान त्या अजून विसरलेल्या नाहीत. थंडी पडू लागली तेव्हा आणखी एक घोळ झाला: नळीतली ओलसर उबदार हवा खोलीच्या गारठ्याने निवून तिचे पाणी होई आणि मध्यरात्री नाकाशी हुक्क्यासारखी गुडगुड सुरू होई. यंत्र पलंगाहून खाली स्टुलावर ठेवले आणि नळीला जुन्या सुती साडीचे अस्तर लावून खोळ शिवली. ती साडी आईची, काठ निळा आहे. खोळ शिवताना मला झोप आली नाही, हे आत्ता लिहिताना लक्षात येते.

दर भेटीत एक प्रश्नावली भरून घेतात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली, आठ प्रसंगांची. प्रत्येक प्रसंगी पेंग येण्याचा संभव किती, त्याला शून्य ते तीन गुण. वाचताना, टीव्ही पाहताना, नाटकासारख्या ठिकाणी स्वस्थ बसले असता (हा प्रश्न तर माझ्यासाठीच घातलेला), दुपारी मद्य न घेता जेवून बसले असता. या प्रश्नाला सासूबाईंसमोर उत्तर देताना मी जे अवघडले ते अजून आठवते. पूर्वी २४ पैकी १७ होते, आता १३ आहेत. दहाच्या वर गेले की जास्तच. पण त्यांना पेंग मोजायची असते आणि मला तेवढेच होत नाही. पेंग वेगळी, गुंगी वेगळी, मरगळ वेगळी, शिणवटा वेगळा. आपल्या भाषेने इतके शब्द देऊन ठेवले आहेत की डॉक्टरांनी "नेमके काय होते?" असे विचारल्यावर मी दुकानात साडी निवडत बसल्यासारखी एकेक उलगडून पाहत राहते. आळस तेवढा घडीतच ठेवते.

आज दुपारी मात्र एक गोष्ट केली. रोज सकाळी मोबाइलवर मी २.३ एवढाच आकडा पाहून समाधान मानत होते, किंवा खरे सांगायचे तर स्वतःला बोल लावत होते. आज त्याखालचा आलेख उघडून पाहिला. रात्री अकराला सुरू झालेली रेघ तीन पन्नासला तुटते. काल तुटली, परवा तीन चाळीसला, त्याआधी चार दहाला. मी झोपेतच मास्क काढून उशाखाली सारते आणि पुढे सातपर्यंत तशीच झोपते; सकाळी तो हाती लागतो तेव्हा मला वाटते, आत्ताच उठताना निघाला. आणि यंत्र मोजते ते लावलेल्या तासांपुरते. २.३ हा आकडा पावणेपाच तासांचा आहे. नंतरच्या तीन तासांविषयी त्याला काहीच ठाऊक नाही. त्यातून स्वप्नांची झोप पहाटेकडेच जास्त असते आणि पुष्कळांचा श्वास तीत अधिक अडतो, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. मी तेव्हा आकड्यांच्या आनंदात होते.

आलेख पाहून मला पुन्हा ते आतले हसू आले, आणि त्या हसण्याचा संशयही आला. मला कारण हवे आहे की बरे व्हायचे आहे? दोन्ही असेल. झेरॉक्स काढावीशी वाटली, हे कबूल करते.

दुपारी झोपायचे तर तेव्हाही मास्क लावूनच, असेही सांगितले होते. ती अर्ध्या तासाची उघड्या तोंडाची झोप मी चोरून ठेवली होती. आज लावला. सासूबाईंनी खोलीत डोकावून पाहिले आणि काही न बोलता पंखा एकावर केला.

रात्री जेवताना ह्यांना म्हटले, पहाटे चारच्या सुमारास जाग आली तर एकदा माझ्याकडे पाहा, आणि मास्क निघालेला दिसला तर उठवा.

हे म्हणाले, "पूर्वी चारला मी जागाच असायचो, तुझ्या घोरण्याने. आता कुठली जाग येते? एकदम कचऱ्याच्या गाडीलाच डोळे उघडतात."

खरेच, अलीकडे ह्यांचा चेहरा तजेलदार दिसतो. काल नंदूताईही तसे म्हणाल्या होत्या. पावणेचारचा गजर लावला आहे आणि मोबाइल ह्यांच्या उशाशी ठेवला आहे.