रांगणा ते मालवण: नारूरची उतरण आणि बोटीचा हिशोब

शनिवारी रांगणा किल्ला बघून कोकणात उतरायचं आणि रविवारी सकाळी मालवणात स्नॉर्कलिंग करायचं, म्हणजे मास्क लावून समुद्राचा तळ बघायचा, असा बेत आखत असाल तर पहिल्यांदा हे वाचा. रांगण्यावरून कोकणातल्या नारूर गावात उतरणारी वाट दोन तासांची नाही. इंटरनेटवरच्या व्हिडिओत दोन तास सांगतात, पाटगावातल्या जीपवाल्यानंही दोनच सांगितले, "नुसती उतरण हाय, पळत जाशिला" म्हणाला. आम्हाला पाच तास लागले. आम्ही चौदाजण होतो आणि पन्हाळा ते पावनखिंड न केलेला आमच्यात एकही नव्हता. त्यामुळं तयारी कमी पडली, असं कुणी म्हणू नये.

बेत मात्र नादखुळा होता. १७०८ साली शाहू महाराजांच्या फौजेनं पन्हाळा घेतला तेव्हा ताराराणी रांगण्यावर आल्या, गडाला वेढा पडल्यावर तिथून सिंधुदुर्गावर गेल्या आणि मागं रामचंद्रपंत अमात्यांनी गड लढवला. पाऊस लागला आणि शाहूंना वेढा उठवावा लागला. कोल्हापूरच्या पोरांनी हा रस्ता एकदा पायाखाली घालावा, एवढंच आमच्या डोक्यात होतं.

पाटगावापर्यंतचा भाग सोपा. शुक्रवारी संध्याकाळी गारगोटीमार्गे पाटगावला मुक्काम, सकाळी मौनी महाराजांच्या मठात पाया पडून जीपनं भटवाडी, तिथून जंगलातून चालत गड. घाटाच्या बाजूनं रांगण्याला फारसा चढ नाही. पठार आणि गड यांच्यामध्ये खिंड आहे, ती उतरून थोडं चढलं की दरवाजा. वाट रुंद, सावलीची, मस्त. तलाव, रांगणाईचं देऊळ, हत्तीसोंडेची माची हे सगळं बघायला अडीच-तीन तास ठेवा. जेवण घरून आणा, गडावर काही मिळत नाही.

आता उतरणीचं. कोकणच्या बाजूला यशवंत दरवाजा आहे. त्यातून बाहेर पडलं की पहिली वीसेक मिनिटं वाट बरी वाटते आणि माणूस तिथंच फसतो. पुढं कारवीच्या झुडपांचं रान सुरू होतं. आम्ही नोव्हेंबरच्या शेवटी गेलो. पाऊस संपून महिना उलटलेला, पण कारवी डोक्याच्या वर आणि तिच्या बुडात मागच्या पावसानं वाहून आणलेले सुटे धोंडे, त्यावर पानांचा वीतभर थर. पाय कुठं पडतोय ते दिसतच नाही. धोंडा हलला की आपण बसतो आणि तो खालच्या माणसाच्या दिशेनं गडगडत जातो. म्हणून दोघांत किमान दहा पावलांचं अंतर ठेवा आणि धोंडा सुटला की ओरडून सांगा. आमच्यातल्या एकाच्या नडगीवर असा धोंडा बसला. हाड वाचलं, पण पुढचा सगळा वेळ तो काठीवर उतरला आणि त्याची सॅक आम्ही आळीपाळीनं घेतली.

खरी गोम त्याच्या खाली आहे. अंदाजे एक तृतीयांश उतरण झाली की वाटेला फाटा फुटतो. उजवीकडची वाट ठसठशीत, डावीकडची दिसतही नाही. दगडावर कुणीतरी बाण रंगवलाय, पण शेवाळ चढून तो अर्धा गेलाय. साहजिकच सगळे उजवीकडं वळतात. ती गव्यांची वाट आहे. शेणाचे पो जागोजाग, खुरांचे ठसे माझ्या तळहाताहून मोठे. ती ओढ्यात उतरते आणि ओढा सुकलेल्या धबधब्याच्या कड्यावर येऊन थांबतो. खाली दोन-अडीच पुरुष उंचीचा, सरळ उभा, गुळगुळीत कातळ. दोर लावून उतरू, अशी चर्चा झाली. आमच्यातल्या एका मुलीनं ठाम सांगितलं की दोर नीट बांधायला वर एकही भरवशाचं झाड नाही, माघारी फिरायचं. तिचं ऐकलं म्हणून आज हे लिहितोय. परत वर फाट्यापर्यंत यायला तासाच्या वर गेला आणि पाणी तिथंच संपलं.

तर नियम असा: ओढ्याचं पात्र उजव्या हाताला खोल राहिलं पाहिजे, आपण त्याच्या कडेच्या दांडावर पाहिजे. पात्रात उतरलात की चुकलात. कड्यापर्यंत गेलाच असाल तर उतरायचा प्रयत्न करू नका, मागं फिरा. मोबाइलवर आधी उतरवून घेतलेला नकाशा इथं कामाचा नाही. झाडी इतकी दाट की ठिकाण पन्नास-साठ मीटर इकडंतिकडं दाखवतं आणि दोन वाटांमधलं अंतर त्याहून कमी आहे.

उजेड संपता संपता खालच्या सपाटीवर आलो. तिथं गुरं घरी नेणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, "खंयसून इलास रे पोरांनू?" गडावरून म्हटल्यावर ते थांबलेच. म्हणाले, "ह्या वाटेन आता कोण जाणा नाय." अस्वलाचं भय आहे, संध्याकाळी तर गावातलं माणूसही रानात शिरत नाही, असं त्यांनी सांगितलं. ज्या माणसानं व्हिडिओत "फॅमिलीसोबत सहज करता येईल" असं छातीठोकपणे सांगितलंय, तो ही वाट उतरलेला नाही, याबद्दल माझ्या मनात शंका उरलेली नाही. पूर्ण व्हिडिओत यशवंत दरवाज्याच्या खालचं एकही चित्र नाही, ते परत येऊन बघितल्यावर लक्षात आलं.

माझा निकाल: वाटाड्याशिवाय ही उतरण करू नका. वाटाड्या पाटगाव-भटवाडीकडचा न घेता नारूरचा घ्या. घाटावरच्या माणसांना गडापर्यंतची वाट माहीत असते, खालची नारूरकरांनाच. आदल्या दिवशी फोन लावून त्याला गडावर बोलवा, तो सकाळी चढून येतो. चौदाजणांत त्याची मजुरी वाटली तर माणशी फार पडत नाही. वनखात्याकडं आधी चौकशी करा. दुपारी बाराच्या आत यशवंत दरवाजा सोडा. आम्ही दीडला सोडला, नोव्हेंबरात सहाला अंधार पडतो. माणशी तीन लिटर पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, प्रत्येकाकडं विजेरी. ऑक्टोबरात गेलात तर जळवा, डिसेंबर-जानेवारी सगळ्यात बरा. पावसाळ्यात ही वाट विसरा. वाटाड्या मिळाला नाही तर गड बघून आल्या वाटेनं परत फिरा आणि गाडीनं फोंडा घाटातून कोकणात उतरा. त्यात कमीपणा काही नाही.

नारूरहून अंधारात एसटी नाही. आधी गाडी सांगून ठेवली नसेल तर जो भाव सांगेल तो द्यावा लागतो. कुडाळला जेवलो, रात्री मालवणात पोचलो.

आता समुद्र. जिथं स्नॉर्कलिंग होतं तो भाग सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा खडकाळ तळ आहे. हा सगळा परिसर १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहे, रंगीत मासे आहेत, काळ्या उभ्या पट्ट्यांचे पिवळट मासे तर थव्यानं येतात. दृश्य खरोखर सुंदर आहे. फसवणूक होते ती किनाऱ्यावर.

किनाऱ्यावर पोचायच्या आत एजंट गाठतात. आम्हाला माणशी चारशे सांगितले, "सगळं धरून". बोटीत बसल्यावर मास्कचं भाडं वेगळं निघालं. पाण्यात उतरताना व्हिडिओचे वेगळे, आणि ते घेतले नाहीत तर पाण्यातला वेळ कमी. परत येताना किल्ला बोटीतून दाखवल्याचे वेगळे, जो आम्ही मागितलाच नव्हता. हिशोब माणशी साडेआठशेवर गेला. चौदाजणांचे सहा हजार तीनशे जास्तीचे, म्हणजे आमच्या जाण्यायेण्याच्या खर्चाहून जास्त. विद्यार्थी पोरंपोरी बघून हे करतात याचा मला मनस्वी राग आहे. तिथल्याच दुसऱ्या बोटवाल्यानं शेजारच्या कुटुंबाला सांगितला तेवढाच भाव घेतला, हेही डोळ्यांनी पाहिलं. तेव्हा मालवणकर असेच, असं म्हणू नका. एजंट टाळा, थेट बोटवाल्याशी बोला.

बोलताना हे प्रश्न किनाऱ्यावरच विचारा आणि उत्तर मोबाइलवर लिहून त्याला दाखवा: बोट, मास्क, लाइफ जॅकेट आणि व्हिडिओ धरून एकूण किती? प्रत्यक्ष पाण्यात किती मिनिटं? एका वेळी किती जण उतरणार आणि सोबत किती माणसं? पैसे निम्मे आधी, निम्मे किनाऱ्यावर परत आल्यावर. जो याला तयार नाही त्याच्या बोटीत पाय ठेवू नका. लाइफ जॅकेटवर तडजोड नाही. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून माणसं दगावली आहेत. बोटीत गर्दी दिसली तर उतरा.

पाण्यात काय होतं तेही सांगतो. रबरी ट्यूब देतात, ती धरून तोंड पाण्यात घालायचं. पोहता येत नसेल तरी चालतं. मास्क घ्यायच्या आधी पट्टा न लावता चेहऱ्यावर दाबून नाकानं श्वास ओढा. मास्क चिकटून राहिला तर ठीक, पडला तर दुसरा मागा. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरतंच. काचेला आतून थुंकी चोळून धुवा, धुकं धरत नाही. चष्मेवाल्यांनी नंबरचा मास्क आहे का ते आधी विचारावं, नाहीतर पैसे भरून नुसती हिरवी झाक दिसते.

सकाळी आठच्या सुमारास जा. दुपारनंतर वारा सुटतो, लाटा वाढतात, पाणी गढूळ होतं. त्याहून महत्त्वाचं: अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार धरू नका. उधाणाच्या भरतीला ओढ जास्त आणि तळाची रेती वर येते. अष्टमीच्या आगंमागं, भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी निवळ असतं. कॅलेंडरवर तिथी बघून सहलीची तारीख ठरवा.

आणि एक विनंती, पोटतिडकीनं. मासे जमवायला बोटवाले पाव टाकतात, आमच्याही हातात दिला. घेऊ नका. टाकायचा नाही असं सांगितलं तर टाकत नाहीत. दमलं की प्रवाळावर पाय टेकवायचा मोह होतो, तोही टाळा. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे, आणि पायाखाली मोडलेला तुकडा भरून यायला कित्येक वर्षं जातात. आमच्या शेजारच्या बोटीतला एकजण त्यावर उभा राहून सेल्फी काढत होता. त्याला हटकलं, तेव्हा कुठं उतरला.

डोंगर आधी आणि समुद्र नंतर, हा क्रम मात्र बदलू नका. कारवीनं ओरबाडलेल्या हातापायांना खारं पाणी असं झोंबतं की डोळ्यांत पाणी येतं, पण उलट केलं तर थकल्या अंगानं ती उतरण होणार नाही. जखमांना शनिवारी रात्रीच मलम लावा, फोड फोडू नका. खोल जखम असेल त्यानं पाण्यात उतरू नये. आमचा नडगीवाला बोटीतच बसला, आणि बोटवाल्यानं त्याचेही पूर्ण पैसे लावले. बसणाऱ्याचा भाव वेगळा ठरवून घ्या.

परतीला मालवण-कोल्हापूर एसटीची वेळ शनिवारी रात्रीच स्टँडवर विचारून ठेवा. ती चुकली तर कणकवली गाठून फोंडा-राधानगरीमार्गे मिळेल ती गाडी धरा, आणि रविवारी दुपारी दोनच्या पुढं मालवणात रेंगाळू नका. सोमवारी प्रॅक्टिकल असेल तर अजिबातच नाही.