लक्षणांच्या यादीतली एक ओळ

सातपूरच्या एका कारखान्यात जन्मभर क्वालिटीत काम केलेले काका निवृत्तीनंतर वर्षभरात माझ्याकडे तपासणीला आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आधी दोन ठिकाणी डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या होत्या. लहानपणी कसे होतात, हे कुणी विचारलंच नव्हतं. पाच मिनिटांत पेशंट उरकणाऱ्या ओपीडीत कोण विचारणार? याचा मला संताप येतो.

मग नातवाला ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं निघालं. त्याच्या तपासणीतली प्रश्नावली वाचून काका म्हणाले, "हे तर माझंच लिहिलंय."

मोठ्या माणसाच्या निदानात निम्मं काम बालपण खणून काढण्याचं असतं. लक्षणं लहानपणापासूनची हवीत, आणि त्या काळच्या प्रगतिपुस्तकात 'वर्तन चांगले' यापलीकडे काही सापडत नाही. ऑटिझम मोजायची आपल्याकडची आयएसएए चाचणी 40 बाबींची, पण बेतलेली मुलांसाठी. म्हणून भिस्त घरच्यांवर. नशिबाने त्यांची आई सिन्नरकडे गावी आहे. आजींनी सगळं सांगितलं: "लग्नात वाजंत्री लागली की हा कणगीमागं जाऊन बसायचा. कालवण भाताला लागलं की उपाशी उठायचा. येडा नव्हता हो. बाजाराचा हिशेब बापाच्या आधी सांगायचा."

निदान ऐकून काकू म्हणाल्या, "मग इतकी वर्षं मी भांडले ते कुणाशी?" काका मात्र रिपोर्टचा कच्चा मसुदा ओळीवर बोट ठेवून वाचत होते. 'बारीकसारीक तपशिलांत टोकाचे गुंतणे' या ओळीवर बोट थांबलं.

"मॅडम, हे लक्षण नाही. यावर मी घर चालवलं. मायक्रोमीटरवर मिलिमीटरचा शंभरावा भाग इकडचा तिकडे दिसला तरी लॉट अडवायचो. साहेब शिव्या द्यायचे आणि ऑडिट आलं की मलाच पुढे करायचे. हे आजारात गेलं, तर माझं म्हणून काय राहिलं? ही ओळ काढा."

2013च्या डीएसएम-5 या निदानाच्या अमेरिकन नियमावलीनुसार ही ओळ ज्यात येते त्या, ठरावीक वागण्या-आवडींच्या गटातल्या 4 बाबींपैकी 2 जुळल्या तरी पुरतात. आवाजाचा त्रास आणि ठरलेल्या क्रमाचा आग्रह, दोन्ही त्यांच्यात ठसठशीत आहेत. ओळ काढली तरी निदान हलत नाही. माझी सहकारी म्हणते, पेशंट म्हणाला म्हणून निरीक्षण गाळायचं नसतं. तिचं बरोबर आहे. पण 'या वयात लेबल कशाला' हे तिचं मत मला अजिबात मान्य नाही. परवाच्या लग्नात डीजे सुरू झाल्यावर काका पहिल्यांदाच कारण सांगून बाहेर जाऊन बसले, आणि काकू त्यांच्यासोबत गेल्या.

आमच्या साच्यात क्षमतांचा रकानाच नाही. तो मी आखून घेतलाय. ती ओळ तिथे हलवावी की दोन्हीकडे लिहावी, हे अजून ठरत नाही. काल काकांचा फोन आला होता. रिपोर्ट मराठीत हवाय, आईला वाचून दाखवायचाय.