सफरचंदाच्या बागा आणि आपली केळी

आज सकाळी ऑस्ट्रियातले इन्सब्रुक सोडून आमची बस व्हेनिसकडे निघाली. बसमध्ये निम्मे लोक जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या भागातले. सुमारे १९० मीटर उंचीच्या युरोपा पुलावर सगळ्यांनी मोबाइल काढले खरे. पण १,३७० मीटर उंचीची ब्रेनर खिंड ओलांडून इटलीतल्या बोल्झानोच्या पुढे आदिजे नदीचे खोरे लागले, तेव्हा आम्ही केळीवाले खिडकीला जे चिकटलो ते उठलोच नाही. मैलोन्‌मैल सफरचंदाच्या बागा, तारांवर बांधलेली बुटकी झाडे, आणि गारपिटीपासून बचावासाठी रांगांवर ताणलेली जाळी.

साडेचार तास बस चालवल्यावर चालकाला ४५ मिनिटे विश्रांती देणे युरोपात कायद्याने बंधनकारक आहे. त्या थांब्यावर दशम्या आणि लसणाची चटणी खाताना गाइडने सांगितले, की वसंतात दव गोठण्याइतकी थंडी पडण्याची भीती असली की शेतकरी रात्रभर तुषार सिंचन चालू ठेवतात. मोहोरावर पाणी गोठते आणि गोठताना त्यातून निघणारी उष्णता कळीला वाचवते. हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला, कारण थंडीचा चरका बसू नये म्हणून आम्हीही पहाटे केळीला विहिरीचे कोमट पाणी देतो आणि बांधावर शेकोट्या पेटवतो. एका वादळी पावसात माझी निसवलेली, म्हणजे घड बाहेर पडलेली, बाग आडवी झाली होती, ती आठवण त्या जाळ्यांकडे पाहताना दिवसभर मनात राहिली. व्हेनिस उद्या पाहू. आज मात्र मी मुलाला त्या बागांचेच फोटो पाठवले आहेत.