मान वर करून चालणारी माणसं

हेरिटेज वॉकला निघालेला घोळका लांबूनही ओळखू येतो. पंधरा-वीस माणसं, हातात पाण्याच्या बाटल्या आणि सगळ्यांच्या माना वर. त्याच गल्लीतून रोज कामावर जाणारा माणूस मात्र खाली बघत चालतो, कारण त्याला खड्डे चुकवायचे असतात. त्यामुळे धडक ठरलेली. मी ती दोन्ही बाजूंनी अनुभवली आहे.

पूर्वी अशा फेऱ्यांचा मला कंटाळा यायचा. गाईड सनावळी सुरू करायचे: ही इमारत अमुक साली, तमुक शैलीत, हे खांब असे, त्या कमानी तशा. अर्ध्या तासात सगळ्या कमानी सारख्या दिसायला लागायच्या आणि डोळे बसायला कट्टा शोधायचे. मग एकदा एक वेगळीच गाईड भेटली. चौकातल्या सगळ्यात देखण्या इमारतीकडे पाठ करून तिने आम्हाला शेजारच्या बोळाच्या तोंडाशी नेलं आणि जमिनीकडे बोट दाखवलं. भिंतीच्या कोपऱ्याला लागून गुडघाभर उंचीचा, जरासा कललेला दगड होता.

"हा इथे कशाला बसवला असेल?"

कोणी म्हणालं मैलाचा दगड, कोणी म्हणालं घोडा बांधायला. एकाने मोबाइल काढला, त्याला तिने डोळ्यांनीच दटावलं. मग म्हणाली, घोडागाडी बोळात वळताना आतलं चाक भिंतीचा कोपरा खरवडून काढतं. कोपरा गेला की भिंत ढासळायला कितीसा वेळ? म्हणून हा दगड. चाकाने आधी याच्यावर घासायचं आणि बाहेर सरकायचं. मी वाकून पाहिलं. रस्त्याकडच्या अंगाला दोन बोटं मावतील एवढी खाच पडली होती. किती गाडीवानांचा अंदाज चुकला असेल, त्याचा हिशेब दगडाने ठेवला होता. दगडाचा माथाही गुळगुळीत होता. तो पावसाने झिजला असावा, असं ती म्हणाली.

तेव्हापासून इमारतीच्या शैलीपेक्षा तिच्या अडचणी सांगणारे गाईड मला जास्त आवडतात. आम्स्टरडॅमच्या कालव्यांकाठची घरं इतकी अरुंद आणि त्यांचे जिने इतके उभे, की सामान आतून वर चढवणं मुश्कील. म्हणून माथ्यावर बाहेर आलेली तुळई आणि तिला आकडा; दोर टाकायचा आणि कपाट खिडकीतून आत घ्यायचं. अहमदाबादच्या पोळांमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाट वस्त्यांमध्ये, घरांच्या अंगाखालून पलीकडच्या गल्लीत निघणारे चोरवाटेसारखे रस्ते आहेत. तिथे महानगरपालिकेने 1997 मध्येच पायी फेरी सुरू केली, कालूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. जागतिक वारसा शहराचा मान मिळायला पुढे 2017 उजाडलं. म्हणजे पाय आधी पोचले, शिक्का मागाहून आला.

गाईडचं सगळंच खरं मानायचं नाही, हेही हळूहळू कळत गेलं. इंग्लंडमध्ये 1696 ते 1851 खिडक्यांच्या संख्येवर कर होता आणि तो वाचवायला लोकांनी खिडक्या विटांनी बुजवल्या, हे खरंच आहे. पण म्हणून बुजवलेली दिसली की प्रत्येक खिडकी करचुकव्याची ठरत नाही. कित्येक तर दर्शनी भागाचा तोल साधायला मुळातच खोट्या बांधलेल्या असतात. किल्ल्यांमधले गोल जिने उजवीकडे वळत वर जातात ते वरून लढणाऱ्याच्या तलवारीला मोकळीक मिळावी म्हणून, ही गोष्ट तर गाईडमंडळींची फार लाडकी. इतिहासाचे अभ्यासक ती मानायला फारसे तयार नसतात. मीही हल्ली मानत नाही, पण कोणी सांगायला लागलं की मान डोलावतो. एवढी रंगलेली गोष्ट मध्येच तोडायला जीव धजत नाही.

बॉस्टनमध्ये गाईडचीसुद्धा गरज ठेवलेली नाही. फुटपाथवर लाल रेघ आहे. ती धरून साधारण 4 किलोमीटर चाललं की सोळा ऐतिहासिक ठिकाणं होतात. सोय उत्तम आहे, पण मला त्या रेघेची जरा धास्तीच वाटते. रेघ असली की माणूस रेघेकडेच बघणार. त्यापेक्षा 2007 मध्ये टोरांटोत शहरांविषयी लिहिणाऱ्या लेखिका जेन जेकब्स यांच्या आठवणीसाठी सुरू झालेल्या फेऱ्यांची रीत मला पटते. तिथे वस्तीतलाच कोणीही रहिवासी पुढे होतो आणि आपली गल्ली आपण दाखवतो.

कारण त्या दगडाची गोष्ट गाईडपाशी संपली नव्हती. आमचा घोळका बघून बाजूच्या दारातून एक आजोबा बाहेर आले. थोडा वेळ कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिले. पावसाचं आलं तसे हसले.

"पाऊस कसला? माझे वडील इथे बसायचे, मी बसतो, नातू बसतो. माथा आम्ही झिजवलाय."

गाईडने वही काढली आणि उभ्या उभ्या ते लिहून घेतलं. आजोबांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. "आता जरा भिंतीला लागून उभे राहा," ते म्हणाले, "मला गाडी काढायची आहे." आम्ही वीस जण पोटं आत घेऊन भिंतीला चिकटलो. त्यांची जुनी मोटार बोळातून हळूहळू पुढे आली, तोंडाशी वळली, आणि मागचं चाक दगडाला घासून टीचभर बाहेर सरकलं.