पाचही मशीनला एकच रोग

जुलैचा शेवटचा आठवडा, इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत 31 तारखेला, आणि साताऱ्यातल्या एका सीए मॅडमचा फोन: "लगेच या, व्हायरस शिरलाय, पाचही मशीन गेली." गूगलवर काही शोधलं की मध्येच भलतंच सर्च पेज उघडायचं आणि त्यावर सगळ्यात वर रिफंड मिळवून देणाऱ्यांच्या जाहिराती. माझ्या आधी एकजण अँटिव्हायरस चालवून गेला होता. त्याला काही सापडलं नाही, म्हणून फॉरमॅट मारा म्हणाला. आमच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या धंद्यात निदान झालं नाही की फॉरमॅट.

त्याच वायफायवर मोबाइल नीट चालत होता, म्हणजे राउटरवरचा संशय गेला. एज हा दुसरा ब्राउझर उघडला, ठीक. क्रोममध्येच इन्कॉग्निटो (खासगी विंडो) उघडलं, तिथेही ठीक. एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्रॅम, आपण मुद्दाम परवानगी दिल्याशिवाय इन्कॉग्निटोत चालत नाहीत, त्यामुळे चोर कुठल्या खोलीत आहे ते कळलं. एक्स्टेंशनच्या यादीत गर्दी होती: कूपन शोधणारं, स्क्रीनशॉट काढणारं, पीडीएफ जोडणारं, कुणीतरी क्रिकेटच्या स्कोअरचंही टाकलेलं. निम्मी बंद केली, मग उरलेल्यांतली निम्मी. शेवटी पीडीएफवालं सापडलं. त्याच्या तपशिलात साइट अ‍ॅक्सेस होता 'सर्व साइटवर'. पीडीएफ जोडायला सगळ्या वेबसाइटी वाचायची गरज काय?

आणि पाचही मशीनवर ते पसरलं कसं? ऑफिसचं एकच जीमेल सगळीकडे लॉगिन, सिंक चालू. एका मशीनवर टाकलेलं एक्स्टेंशन बाकीच्या चारांवर आपोआप पोचलं.

"पण दादा, हे चांगलं चालत होतं की. क्रोमच्याच स्टोअरमधनं घेतलंय," आर्टिकलशिप करणारा मुलगा म्हणाला. त्याचं चुकलं नव्हतं. घेतलं तेव्हा ते चांगलंच असणार. एक्स्टेंशन गुपचूप अपडेट होतं. नव्या अपडेटला जादा परवानगी लागली तर क्रोम ते बंद ठेवून आधी विचारतं, पण पहिल्याच दिवशी सगळं देऊन टाकलं असेल तर विचारायचं काही उरत नाही. त्याला 'द ग्रेट सस्पेंडर'ची गोष्ट सांगितली. न वापरलेले टॅब झोपवणारं, 20 लाखांच्या वर लोकांनी घेतलेलं एक्स्टेंशन. 2020 च्या जूनमध्ये मूळ लेखकाने ते विकलं, घेणारा कोण ते जाहीर झालं नाही. 2021 च्या फेब्रुवारीत गूगलने मालवेअर ठरवून ते काढून टाकलं. आणि विकायलाच लागतं असंही नाही: 2024 च्या नाताळात सायबरहेवन या सुरक्षा कंपनीच्याच माणसाला स्टोअरच्या नावाने खोटा मेल आला, तो फसला आणि त्यांच्या एक्स्टेंशनची बाधित आवृत्ती लोकांच्या मशीनवर गेली.

मॅडमचा पुढचा प्रश्न रास्त होता: "पण आयकरच्या साइटला कुलूप असतं ना?" असतं, पण ते रस्त्यावरच्या, म्हणजे मशीन आणि साइटच्या मधल्या चोरासाठी. एक्स्टेंशन ब्राउझरच्या आत बसतं. आपण पासवर्डच्या चौकटीत अक्षरं टाइप करतो ती त्याला कुलूप लागायच्या आधीच दिसू शकतात. या एक्स्टेंशनने जाहिरातींपलीकडे काही उचललं का, हे मला सांगता येईना. पण सगळ्या क्लायंटचे पॅन आणि पासवर्ड याच क्रोममधून जात होते (आणि एका एक्सेल शीटमध्ये होते, ते वेगळंच दुखणं).

काढून टाकणं मिनिटाचं काम. सिंकमुळे पाचही ठिकाणाहून गेलं. जीमेल सगळीकडून लॉगआउट करून त्याचा पासवर्ड बदलला. प्रत्येक मशीनवर आयकर पोर्टल आणि बँकेसाठी क्रोममध्ये वेगळं प्रोफाइल केलं, त्यात एकही एक्स्टेंशन नाही, सिंक नाही. स्क्रीनशॉटवालं त्यांना हवंच होतं, ते जुन्या प्रोफाइलमध्ये 'क्लिक केल्यावर'वर ठेवलं, म्हणजे क्लिक केलं तरच ते साइट वाचणार.

क्लायंटचे पासवर्ड बदलायचं म्हटल्यावर मॅडमनी कपाळाला हात लावला. 31 तारखेनंतर करू म्हणाल्या. मी म्हटलं, निदान ज्यांचा रिफंड यायचाय त्यांचे आज करा. दोन मुलं बसली. एक्सेलमधले काही पासवर्ड जुनेच निघाले, म्हणजे आता आधारचा ओटीपी हवा. मुलाने एका किराणा दुकानदाराला फोन लावून ओटीपी मागितला. पलीकडून आवाज स्पीकर नसतानाही सगळ्यांना ऐकू आला: "ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, हे तुमच्याच मॅडमनी सांगितलंय!" फोन ठेवला. अर्ध्या तासात दुकानदार मोबाइल घेऊन स्वतः ऑफिसात हजर, मुलाला समोर बसवून, पोर्टल डोळ्यांनी बघून मगच त्याने आकडे वाचले.