पन्नास वर्षांची राखण

गेल्या वर्षी आईच्या डॉक्टरांनी तिला टीएनएफ हा दाहाचा संदेश रोखणारे इंजेक्शन सुरू करायचे ठरवले आणि त्याआधी छातीचा एक्स-रे व क्षयाच्या संसर्गासाठी रक्ताची इग्रा चाचणी लिहून दिली. परतताना टॅक्सीत आईने विचारले, "अगं, माझी बोटं दुखतात, मला टीबी कुठे झालाय?" पेशींमधील दाहाच्या संदेशांवर मी चौदा वर्षे संशोधन करते आहे, तरीही परळहून दादरला पोहोचेपर्यंत तिला पटेल असे उत्तर मला देता आले नाही. ते उत्तर मी इथे सविस्तर लिहिते आहे, कारण मुंबईतल्या अनेक घरांना त्याची गरज पडेल.

आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे आपल्याकडे ज्याला आमवात म्हणतात तो आहे. या आजारात सांध्याच्या आतील अस्तरात प्रतिकारशक्तीच्या पेशी गोळा होतात, अस्तर जाड होते आणि शेजारची कूर्चा व हाड हळूहळू झिजवू लागते. आठवड्यातून एकदा घ्यायच्या मेथोट्रेक्झेटच्या गोळ्यांनी तिला पाच वर्षे आराम होता. नंतर मात्र सकाळी दोन-दोन तास तिची बोटे वळेनाशी झाली.

टीएनएफ हे एक लहानसे प्रथिन आहे. जंतूंना गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी ते मोठ्या प्रमाणावर बाहेर सोडतात, आणि दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरील रिसेप्टरला ते चिकटले की त्या पेशीच्या आत निरोपांची एक साखळी सुरू होते. साखळीच्या शेवटी एनएफ-कॅपा-बी नावाचे प्रथिन असते. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी ते १९८६ मध्ये शोधले. अँटिबॉडीच्या कॅपा साखळीच्या जनुकाशी ते जोडले जाते, म्हणून हे नाव पडले. शोध अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींमध्ये लागला असला, तरी ते जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीत असते, हे पुढे स्पष्ट झाले. एरवी आय-कॅपा-बी हे प्रथिन त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवते. निरोप आला की आयकेके हे एन्झाइम आय-कॅपा-बीवर फॉस्फेट चढवते, मग त्याच्यावर युबिक्विटिनची खूण लागते आणि पेशीतील प्रोटिअझोम त्याचे तुकडे करून टाकते. सुटलेले एनएफ-कॅपा-बी केंद्रकात शिरते आणि दाहाची शेकडो जनुके जागी करते.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट यापुढची आहे. एनएफ-कॅपा-बी जी जनुके जागी करते, त्यांत खुद्द आय-कॅपा-बीचेही जनुक असते. म्हणजे ज्याने त्याला बांधून ठेवले होते, त्यालाच ते सुटल्यासुटल्या पुन्हा घडवू लागते. पेशींना टीएनएफ देऊन दर काही मिनिटांनी नमुना घेतला आणि वेस्टर्न ब्लॉट, म्हणजे प्रथिने पट्ट्यांच्या रूपात दाखवणारी चाचणी, केली, तर ही घटना डोळ्यांना दिसते. शून्य मिनिटाला आय-कॅपा-बीचा पट्टा ठळक असतो, पंधरा-वीस मिनिटांत तो जवळजवळ नाहीसा होतो आणि तासाभरात परत उमटू लागतो. हा प्रयोग मी कितीतरी वेळा केला असेल, पण परत येणारा तो पट्टा पाहताना अजूनही माझा हात थांबतो. संदेश चालूच राहिला, तर एनएफ-कॅपा-बी केंद्रकात आत-बाहेर येरझारा घालते आणि अशा एका फेरीला साधारण शंभर मिनिटे लागतात. आईच्या सांध्यांत संदेश येणे थांबतच नाही, त्यामुळे विझण्याची सोय असूनही दाह पुन्हा पुन्हा पेटत राहतो.

सांध्यात टीएनएफखेरीज दाहाचे इतर अनेक संदेशवाहक सापडतात, त्यामुळे एकालाच रोखून काय साधणार, अशी शंका अनेकांना होती. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने रुग्णांच्या सांध्यांतील पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, आणि फक्त टीएनएफ रोखल्यावर इंटरल्युकिन-१ हा दाहाचा दुसरा संदेशवाहकही कमी होतो, असे दाखवले. म्हणजे साखळीत टीएनएफ वरच्या जागी होता. १९९२ मध्ये चेरिंग क्रॉस रुग्णालयात वीस रुग्णांवर पहिली चाचणी सुरू झाली, आणि ज्यांच्यावर इतर औषधे चालली नव्हती अशा त्या रुग्णांच्या सांध्यांची सूज उतरली. आमवाताच्या उपचारांना तिथून नवे वळण मिळाले, असे मी मानते.

मात्र टीएनएफ सांध्यांना छळण्यासाठी शरीरात आलेला नाही. क्षयाचा जंतू मॅक्रोफेजच्या पोटातच तग धरतो. त्याला मारता आले नाही, तर शरीर त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधते, मधोमध मॅक्रोफेज आणि भोवती प्रतिकारशक्तीच्याच टी पेशींचे कडे. ही गाठ बांधायला आणि पुढे वर्षानुवर्षे ती टिकवायला टीएनएफचा संदेश सतत लागतो. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक औषध घेणाऱ्या सत्तर जणांना क्षय झाल्याची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक जणांचा क्षय फुप्फुसांबाहेर पसरलेला होता. राखणदार हटला आणि गाठ सैल झाली, असाच त्याचा अर्थ होता. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत, तेव्हा हे इंजेक्शन देणाऱ्या आपल्याकडच्या डॉक्टरांनी आधी क्षयाची चाचणी करणे, हा उपचाराचाच भाग आहे.

आईची इग्रा पॉझिटिव्ह आली, एक्स-रे मात्र स्वच्छ होता. बीसीजी लस घेतल्यामुळे ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही, म्हणून तिच्या शरीराची क्षयाच्या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, असेच मानावे लागते. ती कधी पडली, हे कोणतीही चाचणी सांगू शकत नाही. पण तो अहवाल हातात धरून आई बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने आजोबांचा विषय काढला. आजोबा गिरणीत होते. लालबागच्या चाळीतल्या एका खोलीत सात माणसे राहत, आणि आजोबा शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात दाखल होईपर्यंत काही महिने खोकत त्याच खोलीत झोपत असत. आई तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती आणि त्यांचे पाणी-जेवण तीच बघायची. शेजाऱ्यांनी तिच्या बहिणींशी खेळायला मुलींना पाठवणे बंद केले होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

जंतू तेव्हाच आला असेल, तर पन्नासहून अधिक वर्षे आईच्या टीएनएफने त्याची गाठ सुटू दिलेली नाही. ज्या संदेशाला आम्ही इतके दिवस तिच्या बोटांचा वैरी समजत होतो, त्याने हे कामही मुकाट्याने केले होते. मी तिला तसे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "मग त्याला एकदम सुट्टी नको देऊस. आधी दुसरा कुणीतरी उभा कर." डॉक्टरांनीही तेच केले. तिला आयसोनियाझिड हे क्षयावरचे औषध आणि त्यासोबत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व, सुरू केले, महिनाभर थांबून मगच पहिले इंजेक्शन दिले, आणि आयसोनियाझिडचे सहा महिने पूर्ण होईपर्यंत दोन्ही औषधे सोबत चालू ठेवली. हा सुप्त संसर्ग दुसऱ्या कुणाला लागत नाही, हे मी इमारतीतल्या दोन घरी स्वतः जाऊन समजावले, कारण गोळीचे नाव वाचून तिथे कुजबुज सुरू झाली होती.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या आम्ही मॅक्रोफेजना टीएनएफ दोन प्रकारे देतो. काही पेशींना पाच मिनिटे देऊन तो धुऊन टाकतो, तर काहींना दिवसभर देत राहतो, आणि दोन्हींत कोणती जनुके जागी होतात ते मोजतो. क्षयाची गाठ टिकवायला लागणारा संदेश आणि सांधा जाळणारा संदेश यांच्या कालमानात काही फरक असेल, तर एकाला हात न लावता दुसऱ्याला रोखता येईल, अशी माझी आशा आहे. आईला दर पंधरा दिवसांनी इंजेक्शन मिळते. दर रविवारी मी तिचे वजन करते आणि संध्याकाळी कणकण वाटली का, खोकला आहे का, हे विचारून वहीत लिहून ठेवते.